एकेचाळीस कोट आणि एक भाचा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, गणवेषाच्या कारखान्यातील निवृत्त कॉलर-कारागीर, आज स्वतःच्या बुद्धीने आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र करून ठेवते. डॉक्टरांनी माझी शुद्ध तपासली आहे. त्यांनी आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या कोटाचे दुसरे बटण तिसऱ्या काजात गेले आहे हेही सांगितले. तेव्हा म्हातारी भ्रमिष्ट झाली होती असा दावा पुढे कोणी, विशेषतः माझ्या भाच्याने, करू नये.

१. माझ्या मालकीच्या दोन खोल्या, त्यांतील सामानासह, कारखान्यातील माझ्या मैत्रिणीला द्याव्यात. तिला सगळे काजवाली म्हणतात. सव्वीस वर्षे ती माझ्या शेजारच्या यंत्रावर काजे करत होती. मी कॉलर लावून कपडा सरकवायचा आणि तिने न बघता तो पकडायचा. सख्ख्या बहिणीशीही माझे इतके जमले नाही. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तो मात्र तिने आल्या आल्या दुरुस्त करून घ्यावा. मी आठ वर्षे आळस केला.

२. शिवणयंत्र, दोन्ही कात्र्या आणि इस्त्री हीही काजवालीलाच. मोठ्या कात्रीने कागद कापायचा नाही.

३. कारखान्याचे जुने सुपरवायझर आमच्या मागच्या गल्लीत मुलाकडे राहतात. त्यांना मी वस्तुरूपाने काही देत नाही, एक उत्तर देते. मी जुन्या बाजारात पहिले चार खिशांचे लष्करी जॅकेट घेतले आणि सोमवारी ते घालून कामावर गेले, तेव्हा फाटकात चारचौघांसमोर ते म्हणाले होते, "काय बाई, कुठली लढाई जिंकून आलात?" सगळे हसले. मी मान खाली घालून आत गेले, याचा मला आजही संताप येतो. जुन्या बाजारात बटणे विकणारा माझा ओळखीचा बटणवाला आहे, त्याने त्यांच्याकडे जाऊन पुढील मजकूर मोठ्याने वाचावा, कारण त्यांना ऐकू कमी येते : "साहेब, त्या जॅकेटची कॉलर मी स्वतः शिवलेली होती. टाका ओळखूनच मी ते घेतले. तुम्ही त्याच्यासाठी काय केले होते?"

४. आता कपडे. ओव्हरकोट, जॅकेटे आणि दुहेरी बटणपट्टीचे आखूड कोट मिळून एकेचाळीस नग आहेत. अडतीस वर्षांत दर रविवारी सकाळी सहाला बाजारात उभी राहून, कपडा उन्हाकडे धरून कसरीची भोके शोधून, बगलेची शिवण उलटी करून मी ते निवडले. लोकांनी मला कर्नलबाई म्हटले, म्हणू दे. मला तो कपडा आवडतो. ताठ खांदा आवडतो, हात कोपरापर्यंत आत जाईल असा खिसा आवडतो. बायकांच्या कपड्याला कधी कोणी तसा खिसा दिला नाही. पण हुद्द्याचे चिन्ह किंवा पदक मी कधी अंगावर मिरवले नाही. आधी उसवून काढायचे, डबीत ठेवायचे, मगच कोट घालायचा. ती ज्याची त्याने कमावलेली असतात.

हे सर्व नग त्याच बटणवाल्याच्या ताब्यात द्यावेत. त्याने ते ज्याच्या अंगाला नीट बसतील त्याला फुकट द्यावेत. आरशासमोर उभे राहून सलाम ठोकणाऱ्याला देऊ नयेत.

५. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, याला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. कारण लिहिले नाही तर कोर्टात तो रडून दाखवेल, म्हणून सविस्तर लिहिते.

बहीण गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मी त्याला वाढवले. सुई धरायला आणि बाजारात कपडा पारखायला मीच शिकवले. त्याने मोठ्या रस्त्यावर लष्करी फॅशनचे दुकान काढले, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. मग त्याने नव्या जॅकेटांना खरकागद घासून ती जुनी म्हणून विकायला सुरुवात केली. पत्र्याची पदके लावली. मी भांडले, पण तोडले नाही.

तीन वर्षांपूर्वी मला बाजारात एक जाड ओव्हरकोट मिळाला. आतल्या अस्तरावर शाईने नाव आणि क्रमांक होता. मी सैन्याच्या कचेरीला पत्रे लिहिली. सात महिन्यांनी उत्तर आले. कोटाचा मालक लढाईवरून परत आलेला नव्हता, पण त्याची बायको दुसऱ्या गावी होती, वय चौऱ्याऐंशी. मी फोन केला. कोट म्हटल्यावर बाईंनी मला क्रमांक पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "डावा खिसा पांढऱ्या दोऱ्याने शिवलाय का बघा. खाकी दोरा घरात नव्हता. ते म्हणाले, राहू दे, कोण बघतंय."

मी पाहिले. पांढराच होता.

"दिरांनी घर आवरताना देऊन टाकला," त्या म्हणाल्या. "मला विचारलंही नाही."

मी शब्द दिला की डोळ्याचे ऑपरेशन झाले की स्वतः घेऊन येते. चार दिवस मी रुग्णालयात होते. घराची किल्ली भाच्याकडे होती. परत आले तर खुंटी रिकामी. दुकानात गेले. तो हसत म्हणाला, "मावशी, अगं त्याला कसर लागली होती. दोन पिशव्या, एक टोपी आणि एक बंडी झाली त्यातून. हातोहात गेलं सगळं."

"खिसा कुठंय?"

"कुठला खिसा?"

"डावा. पांढऱ्या दोऱ्याचा."

"तो मळका तुकडा? फेकला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या टेबलावरची वही मी ओढून घेतली आणि गिऱ्हाइकांचे पत्ते उतरवले. टोपी एका कॉलेजातल्या मुलीने ऐकताक्षणी डोक्यावरून काढून दिली. एक पिशवी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे होती. त्यांनी आधी "मी विकत घेतलीय" असे सुनावले आणि मग किल्ल्या, चष्मा, गोळ्या सगळे टेबलावर ओतून पिशवी माझ्या हातात दिली. दुसऱ्या पिशवीला पाच फेऱ्या पडल्या. बंडी मिळवायला मला माझे सर्वांत आवडते जॅकेट बदल्यात द्यावे लागले. एका डोळ्यावर पट्टी असताना मी अकरा आठवडे ते तुकडे जोडत होते. खिसा मिळाला नाही. कचऱ्याचे ढीगही मी उपसले.

कोट घेऊन मी गेले. बाईंनी तो मांडीवर घेतला आणि त्यांचा हात थेट डावीकडे गेला. तिथे काही नव्हते. मी सगळे खरे सांगितले. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या मुलाला घेऊन या. मला त्याला काही सांगायचंय. ओरडणार नाही मी."

भाचा हो म्हणाला. ठरल्या दिवशी दुकानात फोटो काढायला माणसे आली म्हणून राहिला. पुन्हा ठरवले, तेव्हा त्याने फोनच उचलला नाही. नंतर म्हणाला, "मावशी, एका कोटासाठी किती ताणायचं?" बाई मार्चमध्ये गेल्या. त्यांना काय सांगायचे होते ते आता कोणालाच कळणार नाही.

कोट कापला तो अडाणीपणाने. ते मी कधीतरी गिळले असते. बाईंकडे गेला नाही तो भ्याडपणाने, आणि मी भ्याड माणूस वाढवला नव्हता.

६. माझ्या अंत्यविधीला फुले आणू नयेत. भाषणेही नकोत.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बटणवाल्याने करावी. तो कमी बोलतो आणि वजनात फसवत नाही.

८. (हे कलम टंकलेखन झाल्यावर हाताने लिहिले आहे.) आज सकाळी भाचा घरी आला. खुर्ची न ओढता उभाच राहिला.

"मी त्या बाईंच्या घरी जाऊन आलो."

"आता? त्या गेल्यावर?"

"त्यांची मुलगी होती. नाव सांगितलं तर तिने दार लावून घेतलं."

"मग?"

"थोडा वेळ थांबलो. मग आलो."

"थोडा वेळ थांबलास," मी म्हटले. "पुन्हा जा."

"ती दार उघडणार नाही, मावशी."

"मग दाराबाहेर उभा राहा. तिला काय म्हणायचंय ते ती म्हणेपर्यंत ये-जा करत राहा."

तो रडत जिना उतरला. वकिलांनी विचारले, पाचवे कलम बदलायचे का? मी नाही म्हटले. माझा राग उतरलेला नाही आणि या कागदातही तो उतरू नये. तो तिथे पुन्हा जाऊन आला, तर मला येऊन सांगू शकतो. डॉक्टर म्हणतात, माझे दोन-तीन महिनेच उरलेत. मी त्याच्यासाठी थांबणार नाही. घाई त्याने करावी.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि साक्षीदारांदेखत सही केली.

सही : कर्नलबाई (सरकारी नाव सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे)

साक्षीदार पहिला : बटणवाला, जुना बाजार, चौथी रांग. सही.
साक्षीदार दुसरे : उपचार करणारे डॉक्टर. सही. सही करणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीत व अत्यंत संतप्त असल्याचे मी पाहिले.

ठिकाण : राहते घर, दुसरा मजला
दिनांक : चौदा नोव्हेंबर