भट्टी कुणी पेटवायची

मँचेस्टर, रविवार संध्याकाळ, २००४

काल सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपल्यावर शेजारी बसलेल्या आजोबांचा हात मी दोन्ही हातांत घेतला आणि मग आपली बोटं ओठांना लावली. रेवदंड्याला आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, हातबोशी करतो, तशीच. सवयीने झालं. त्यांनी हात ओढून घेतला. मागून कुणीतरी हसलं, ‘हे काय, योगा?’

आज बेकरीत मालक म्हणाले, ‘उद्या भट्टी पेटवू नकोस. आधी रब्बी, आपले धर्मगुरू, तुझ्याशी बोलतील. तू खरंच ज्यू आहेस का, ते बघतील.’ इथे धर्माच्या नियमाने भट्टी ज्यू माणसानेच पेटवायची असते. मला तेवढ्यासाठीच तर ठेवलंय. नाहीतर सातवी नापासाला कोण विचारतो.

तो ओढून घेतलेला हात काही डोळ्यांपुढून जात नाही. रब्बी काय विचारतील? हिब्रू प्रार्थना पाठ आहेत, वाचता येत नाहीत. शनिवार पाळतो, त्या दिवशी कामाला हात लावत नाही, एवढं पुरेल का?

मघाशी आईचा फोन आला. ‘आपल्या माणसांत आहेस, मला घोर नाही बाबा.’ मी नुसतं हो म्हटलं.

रब्बी मला ज्यू नाही म्हणाले तर नोकरी जाईल, परत जावं लागेल, ते कळतं. पण ज्यूपण आईकडूनच येतं; मला नाही म्हटलं म्हणजे तिलाही नाहीच म्हटलं ना? ते तिला कोण सांगणार?