सहा रिकाम्या खुर्च्या

१६ एप्रिल, सकाळ
बुफे जगात पहिल्यांदा कोणी मांडला? मला नक्की सांगता येत नाही. मोबाईलवर कुठे स्वीडन सापडतं, कुठे फ्रान्स. पण सुगतदादाच्या लग्नात बुफेच. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून जेवणाचं सगळं माझ्याकडे आहे. पंगतीत कोण आधी, कोण मागून, बायका शेवटी. बुफेत सगळे एका रांगेत. समता अशीच येते.

१८ एप्रिल
अकोल्याहून मोठ्या बाबांचा फोन. हे बाबांचे थोरले भाऊ. आजोबा गेल्यावर बाबांना यांनीच वाढवलं. म्हणाले, पोरी, पंगत बसव, मी उभ्यानं जेवत नाई. शहात्तर वय, गुडघे दुखत असणार. लॉनवाल्याला सहा खुर्च्या जास्तीच्या सांगितल्या. प्रश्न मिटला.

२१ एप्रिल
मिटला नाही. म्हणाले, खुर्ची नाई पायजे मले, माह्या हातात ताट देऊन रांगेत नको उभं करू. मी समजावलं की हल्ली मंत्रीही रांगेत वाढून घेतात. त्यावर म्हणे, मंत्र्याले जेवाले बलावलं का मले?
आई म्हणाली, ऐक त्यांचं. मी म्हटलं, एकट्यासाठी पंगत ही समता नव्हे. आई उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

२५ एप्रिल
लग्नात वाचायला बुफेच्या इतिहासावर चार पानं लिहिली. बुफे हे मुळात फ्रान्समधल्या भांड्यांच्या कपाटाचं नाव! सुंदराआत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, यात आपल्या लग्नातली आलू-वांग्याची भाजी कुठी आली?

१ मे, दुपार
लग्न लागलं. बुफे यशस्वी. भाषण अर्ध्या पानापर्यंत पोचलं, मग लोक जिलबीकडे वळले. रेटारेटी झाली, पण सगळ्यांना सारखीच. कोणाची तरी जिलबी आत्यांच्या वरणात पडली. त्यांनी ती खाल्ली. सहाही खुर्च्या रिकाम्या दिसल्या, म्हणजे मोठे बाबा जेवून उठले.

१ मे, संध्याकाळ
उठले नव्हते. बसलेच नव्हते. न जेवता अकोल्याच्या गाडीत बसले. बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

२ मे
आईनं सांगितलं. लहानपणी गावात कोणाकडे लग्न असलं की मोठे बाबा मांडवाबाहेर जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट घेऊन रांगेत उभे असायचे. आतल्या पंगती उठल्यावर उरलंसुरलं मिळायचं. कधी तेही नाही. छप्पन्न साली घरानं धम्म घेतला, ती रांग सोडली. तेव्हापासून त्यांनी हातात ताट घेतलं नाही.
आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. आई म्हणाली, तू कोनाले बोलू देऊन राहिली होती?
माझ्या चार पानांत स्वीडन आहे, फ्रान्स आहे.

३ मे
माफीचं पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्या ओळीत पुन्हा समता आली. फाडलं.

४ मे, अकोला
पहिल्या एस.टी.नं आले. आलू-वांग्याची भाजी इथेच केली. मोठे बाबा म्हणाले, लगन तर शिळं झालं, भाजी ताजी हाय ना? सतरंजी टाकून त्यांना बसवलं. फरशी उंचसखल, ताट डुगडुगायला लागलं. भाषणाचे कागद पिशवीतच होते. चारही पानांची घडी करून ताटाखाली सारली आणि वाढायला घेतलं. दुसऱ्या पोळीला नाई म्हणाले, तरी वाढली. खाल्ली.
ताट हललं नाही.