थंड खोलीतली मंडळी

४ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी, कुणी वाचावी अशी अजिबात इच्छा नाही. तरी अक्षर जरा सुवाच्य काढतो आहे, सवय असलेली बरी.

मोठ्या सरांच्या खोलीत बसायला लागून वर्ष होऊन गेलं. मोठे सर म्हणजे या संशोधन केंद्रातले माझ्या आधीचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली होतो. नोकरीत असतानाच गेले. माणूस देव होता, पण काळाच्या फार मागे. लहान शेतकऱ्यांच्या घरोघरी फिरून जुन्या ज्वारीचं बी गोळा करायचे आणि थंड खोलीत ठेवायचे. बरं, ठेवून गप्प बसावं, तर तेही नाही. थंडीतसुद्धा बी हळूहळू मरतं म्हणून दर हंगामात त्यातलं थोडं थोडं पेरायचं आणि ताजं बी धरून पुन्हा आत ठेवायचं. याला ते 'जुन्यांची ओळ' म्हणत. रोज सकाळी थंड खोलीच्या दारावर हात ठेवून विचारायचे, काय मंडळी, जिवंत ना?

जुन्यांच्या ओळीत केंद्राची सगळ्यात चांगली जमीन अडकायची. मी प्रमुख झाल्या झाल्या ती बंद केली. आता तिथे माझा वाण उभा आहे. नाव 'अजिंक्य'. कमी पाण्यात दीडपट उत्पन्न. प्रयोगाच्या वेळी पंप दोनदा चुकून चालू राहिला आणि जादा पाणी गेलं, पण त्यात वाणाचा काय दोष?

सरांच्या खुर्चीच्या गादीत त्यांच्या बैठकीचा खड्डा आहे. नवी खुर्ची मागवली आहे. तोवर गादीच्या कडेला बसतो.

९ सप्टेंबर
दुपारी जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेलेले. थंड खोलीच्या भिंतीतून गुणगुण ऐकू आली. मोठे सर बी मोजताना असंच गुणगुणायचे. शब्द नाहीत, चाल एकच, शेवटी जरा खाली उतरणारी.

कूलिंगचं मशीन असणार. मशीन म्हटलं की आवाज आलाच. नोंद एवढ्यासाठीच की मी घाबरलो नाही. डबा व्हरांड्यात खाल्ला, तो उकडत होतं म्हणून.

१७ सप्टेंबर
आत्याचा फोन. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. डोंगरउताराला तिची एवढीशी जमीन, मुरमाड, पाणी न धरणारी. यंदा सगळ्या जमिनीत अजिंक्य पेरलंय. शेजारी म्हणत होता, अर्ध्यात लावून बघा. ती म्हणाली, आमच्या पोराने केलंय, अर्ध्यात कशाला?

तिचं स्वतःचं बी तिच्या आजेसासूपासूनचं. त्या उतारावर तेच टिकतं असं तिचं म्हणणं. मागच्या सुगीनंतर ते सगळंच्या सगळं माझ्या हातात दिलं, म्हणाली, माझ्याकडे उंदीर खातील, तुझ्याकडे बरं. थंड खोलीत ठेवलं आहे. एकदम सुरक्षित.

फोन यासाठी की पाऊस नाही आणि अजिंक्यची पानं गुंडाळायला लागली आहेत. मी समजावलं, पानं गुंडाळून ओल वाचवणं ही अजिंक्यची बुद्धी आहे. तिला बरं वाटलं. मलाही.

२९ सप्टेंबर
डायरेक्टर मॅडमपुढे प्रेझेंटेशन. पहिल्याच स्लाइडवर अजिंक्यचा फोटो, शेजारी मी. मॅडमनी विचारलं, शेतकऱ्यांच्या शेतात कसं आहे? मी म्हटलं, आशादायक. शेवटचे कधी गेला होतात? मी म्हटलं, लवकरच. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. बहुधा कौतुकाचं.

संकल्प: सोमवारपासून सकाळी सकाळी शेतांवर.

सोमवार
जीप नाही.

पुढचा सोमवार
जीप होती. ड्रायव्हर नव्हता. ड्रायव्हरचं म्हणणं तो होता. वाद घातला नाही.

२१ ऑक्टोबर
आत्याच्या शेतावर जाऊन आलो. अजिंक्य आडवं पडलं आहे. कणसं हातात घेतली तर हलकी, आत भुसा. शेजाऱ्याची जुनी ज्वारी मात्र उभी होती. दिसायला अगदीच सामान्य, कुठे उंच कुठे ठेंगणी. दाणे भरले होते, ते सोडा.

आत्याने जेवलास का, एवढंच विचारलं. मी सांगितलं, आत्या, याला अपयश म्हणत नाहीत, याला डेटा म्हणतात. हो का, म्हणाली, मग बरं झालं.

निघताना म्हणाली, पुढच्या पेरणीला माझंच बी दे बाबा. तोही हंगाम असाच गेला तर जमीन दुसऱ्याला कसायला देऊन लेकीकडे जावं लागेल, आणि लेकीच्या घरात मला पाय लांब करायला जागा नाही. हे तिने हसत सांगितलं. मी म्हटलं, आत्या, तू निर्धास्त राहा.  

८ नोव्हेंबर
आत्याचं बी काढायला थंड खोलीत गेलो. बाहेरच्या डिस्प्लेवर चार अंश. आत गेलो तर घाम आला. आधी वाटलं ताप आहे. गुणगुण आत जास्त ऐकू येत होती, अगदी फळीच्या पलीकडून, आणि फळ्यांवर सगळीकडे मोठ्या सरांच्या अक्षरातली पाकिटं, एकेका पाकिटावर एकेका घराचं नाव. भरल्या घरात न सांगता शिरल्यासारखं वाटलं. पाकीट उचललं आणि बाहेर आलो. पळालो नाही, भरभर चाललो.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मशीन उघडलं आणि म्हणाला, साहेब, हे तर उन्हाळ्याच्याही आधी जळालंय. डिस्प्लेचा आकडा अडकून बसला आहे. मी म्हटलं, मग आवाज कशाचा येतो? त्याने भिंतीला कान लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाला, कसला आवाज?

हा प्रश्न इथेच संपला असं मी ठरवतो. दर महिन्याच्या तपासणीवर सही माझी आहे हे खरं, पण सही बाहेरच्या आकड्यासाठी असते, आतल्या हवेसाठी नाही. जुन्यांची ओळ चालू असती तर ताजं बी हाताशी असतं, असं इलेक्ट्रिशियन जाता जाता म्हणाला. त्याने आपल्या तारा बघाव्यात.

९ नोव्हेंबर
आत्याच्या बियाची उगवण चाचणी लावली. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, उबेत ठेवायची. जिवंत दाण्याला चार-पाच दिवसांत मोड येतो. माझा अंदाज नव्वद टक्के. वाईटात वाईट ऐंशी.

१४ नोव्हेंबर
मोड नाहीत. हवा थंड आहे.

१९ नोव्हेंबर
मोड नाहीत. बुरशी आली आहे. बुरशी म्हणजे तिथे जीवन आहे, हे लोक विसरतात.

३ डिसेंबर
दुसरी चाचणी घरी, बाथरूममध्ये, गिझरखाली. ही चिडली. आंघोळीला जावं तर बादलीत ज्वारी, म्हणाली. मी शांतपणे काम समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आत्यांना सांगून टाका, त्यांना दुसरीकडून बी बघू दे, अजून वेळ आहे. बायको प्रेमळ आहे, पण संशोधनात घाई चालत नाही हे तिला कळत नाही.

दुपारी गिझर बंद असताना बाथरूममधून तीच चाल आली. शेवटी जरा खाली उतरणारी. मी नळ सोडून ठेवला.

११ जानेवारी
तिसरी चाचणी. कोमट पाणी, मऊ कागद. सरांच्या जुन्या पद्धतीने केली. पद्धत चांगली आहे म्हणून, दुसरं कारण नाही. कागद उघडला तर दाणे ठेवले तसेच. बोटाने दाबला तर पिठासारखा फुटला.

मला भीती वाटते. हे इथे लिहायला हरकत नाही. भुताची नाही.

१२ फेब्रुवारी
नवं मशीन बसलं. खोली छान गार. मॅडम येऊन बघून गेल्या, बाकीच्या पाकिटांचीही चाचणी लावा म्हणाल्या. लावली होती, सांगितलं नाही. एकाही घराचं उठलं नाही. निकाल नीट टाइप करून देईन.

गुणगुण आजपासून बंद आहे. समाधान वाटायला हवं होतं. दिवसभर कान तिकडेच लागले होते. संध्याकाळी निघताना दारावर हात ठेवून हळूच म्हटलं, काय मंडळी. पुढचं विचारलं नाही.

६ मार्च
नवी खुर्ची आली. परत पाठवली. पाठ दुखते तिच्यात.

१८ मे
आत्या केंद्रावर आली, न कळवता, दोन बस बदलून. मी भाषण तयार ठेवलं होतं: विज्ञानाच्या मर्यादा, यंत्रांवरचा अतिविश्वास वगैरे. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावर चौथ्या चाचणीचा कागद उघडा पडला होता. तिने वाकून बघितलं आणि विचारलं, हे माझं का?

मी म्हटलं, हो. म्हटलं, झोपलंय. याला सुप्तावस्था म्हणतात. चांगल्या बियाला कधी कधी येते.

तिने मान डोलावली. कागदावर बोट ठेवलं, लहान मुलाच्या अंगावर ठेवतात तसं, आणि म्हणाली, झोपू दे मग, उगाच हलवू नको. शेजारी त्याचं बी देतो म्हणत होता, मी नको म्हटलं. आपलं असताना दुसऱ्याचं कशाला? मी म्हटलं, बरोबर केलंस.

बरोबर केलंस असं मी म्हटलं. हे वाक्य घरी येऊन हिला सांगितलं नाही.

१० जून
आत्याचा फोन. उठलं का रे? म्हटलं, एक-दोन दिवसांत.

१३ जून
उठलं का? म्हटलं, हालचाल दिसते आहे. पाचवी चाचणी लावली. या वेळी पाकिटात उरलं होतं ते सगळंच मांडलं. आता पाकिटात फक्त नाव आहे.

१९ जून
तिच्याकडे सगळ्यांची पेरणी झाली. शेजारी पुन्हा येऊन गेला. त्याच्याकडे उरलं होतं ते त्याने मेहुण्याला देऊन टाकलं. आत्या म्हणाली, बरं झालं, सारखं नाही म्हणायला वाईट वाटायचं. ती नांगरून, सऱ्या पाडून बसली आहे.

ही म्हणाली, आज नाही गेलात तर मी जाऊन सांगेन. निर्णय: उद्या जाणार. स्पष्ट, शास्त्रीय आणि प्रेमळ भाषेत सगळं सांगणार. जमलं तर बाजारातलं कुठलंही बी घेऊन जाणार. त्या उतारावर बाजारातलं बी येत नाही हे मला माहीत आहे, पण रिकाम्या हाताने कसं जायचं?

२० जून, सकाळी
बाजारातली दुकानं उघडायची होती. थांबलो नाही. थांबलो असतो तर गेलोच नसतो.

२० जून, नंतर
चारी बाजूंनी सगळ्यांची शेतं हिरवी, बोटभर वर आलेली. मधे आत्याचं शेत उघडं, विंचरल्यासारखं नीट. ती बांधावर उभी होती, पेरणीची पिशवी खांद्याला लावून, रिकामी. मला बघून तिचं तोंड एवढं उजळलं की मी भाषणाची सुरुवातच विसरलो. तिने माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, गाडीत आहे का?

मी म्हटलं, हो.

आणायला म्हणून आलो आणि गाडीत बसून हे लिहितो आहे. ती तिकडून हात करते आहे, सावकाश आण, घाई नाही, असा. आता पिशवीचं तोंड उघडून, सऱ्या तुडवल्या जाऊ नयेत म्हणून कडेकडेने, ती इकडेच चालत येते आहे.