धारेचं लुगडं

पोळ्याचा दुसरा दिवस, सांजची वेळ

सुमन, तू नातसून गुणाची, पण डोकं म्हणजे निव्वळ चाळणी. धारेचं लुगडं धुऊ नको, असं सांगतलं होतं ना? लिह आता, तुह्याच हातानं तुही चुगली.

म्हशीजवळ बसायचं ते जुनं लुगडं तू आज वासाच्या साबणानं धुतलं. शी! मी ते नेसून धारेले बसली, तर चांदी म्हशीनं फुसकारा टाकला अन् शेणानं भरलेली शेपटी माह्या तोंडावर हाणली. दातात शेण! पान्हा काही सोडला नाही. तिकडं हिवऱ्याले धाकटी लेक बाळंतीण, तिच्या लाडवाले तूप आणू कुठून?

मंग त्या धुतलेल्या लुगड्याले माह्याच हातानं शेण-मूत चोळलं. तू दारात उलट्या करून राह्यली होती. चांदीनं मात्र पदर हुंगला, चाटला अन् चरवी भरून दिली. म्हणजे इतकी वर्षं चांदी मले ओळखतच नव्हती, लुगड्याले ओळखत होती! शी, दातात अजून तेच.

तूप कढलं की डिंकाचे लाडू हिवऱ्याले धाडजो. लुगड्याची गोष्ट मात्र धाडू नको, लेक तोंडाले लावणार नाही.