ठिगळातून तार ओवलेला दिवा

थोरल्या, चष्मा शोधू नकोस, कपाळावरच आहे. खाली ओढ आणि धाकट्याला ऐकू जाईल असं वाच.

मी, तुमची आई आणि तीन नातवंडांची आजी, शर्टांची काज-बटणं करून संसार रेटलेली, पूर्ण शुद्धीत माझ्या मिळकतीची व्यवस्था लावते आहे. अक्षर शेजारच्या नर्सबाईंचं, शब्द माझे. मला कुणी धाक घातलेला नाही. तेवढी कुणाची छातीही नाही.

१. राहतं घर दोन्ही मुलांना समसमान. मधल्या खोलीत भिंत घालायची नाही.

२. बँकेतली शिल्लक दोन्ही सुनांना. मुलांनी त्यात नाक खुपसू नये.

३. मोठी कात्री थोरल्या सुनेला. तिची जीभ तिरकी चालते, पण हात सरळ.

४. मधल्या खोलीतला टांगता दिवा. धाकटा वायरिंग शिकला तेव्हा त्यानं याच्या घासलेटच्या टाकीला भोक पाडून तार ओवली, बल्ब लावला. थोरला म्हणाला, "आजोबांचा दिवा नासवलास." धाकटा म्हणाला, "आजोबांचा कसला, बाजारातला आहे." तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलता. माझ्यामागे निरोप कोण पोचवणार, एवढाच घोर मला आहे.

म्हणून जुन्या दिव्यांचा एक जाणकार घरी बोलावला. त्यानं दिवा खाली ओढून चाचपला. "आजी, टाकी आणि साखळी तुमच्या सासऱ्यांच्या काळातली, हातानं डाख देऊन सांधलेली. काच मात्र साच्यातली, बरीच नंतरची." बरोबरच आहे. पहिली काच थोरल्याच्या चेंडूनं फुटली, दुसरी मी बाजारातून आणली. म्हणजे दोघंही खरे आणि दोघंही अर्धवट.

मग त्यानं बूड उघडलं. भोकाभोवती जुन्या डाखाचं ठिगळ निघालं. "टाकी आधीपासून गळत होती. ज्यानं तार घातली त्यानं चांगल्या पितळेला हात लावलेला नाही, ठिगळातूनच वाट काढलीय."

"म्हणजे नासवला नाही?"

"नासवला? एरवी मोडीत गेला असता की."

थोरल्या, हे मी सांगितलं असतं तर म्हणाला असतास, "आई, तू त्याचीच बाजू घेणार." म्हणून तो माणूस खाली साक्षीला आहे. आणि धाकट्या, तुला ठिगळ दिसलं होतं, तरी मूग गिळून बसलास. मानी आहेस, बापावर गेलास.

दिवा थोरल्याच्या मुलीला, तिच्या नव्या खोलीसाठी. उतरवायला माणसं दोन लागतात: एकानं साखळीच्या दुसऱ्या टोकाला लटकणारं वजन धरायचं, दुसऱ्यानं दिवा सोडवायचा. एकट्यानं गेलात तर वजन टाळक्यात बसेल. वजन थोरल्यानं धरावं. तार धाकट्यानं सोडवावी आणि तिकडे नवी घालून द्यावी. "धरलंस का", "सोडू का" एवढं तरी थेट बोलाल. मध्ये मी नसेन.

वाचून दाखवलं, पटलं, अंगठा उठवला.

साक्षीदार : जुन्या दिव्यांचा जाणकार (सही), कोपऱ्यावरचा औषधवाला (सही)
लिहिणार : शेजारच्या नर्सबाई (सही)
ठिकाण : माझी खिडकीजवळची खाट
तारीख : बाई घालतील, सोमवार आहे एवढं मला ठाऊक.

अंगठ्यानंतर सुचलं तेही लिहा, बाई. दिवा टांगून झाला की थोरल्यानं धाकट्याकडे गरम भात आणि अंड्यांचा रस्सा पाठवावा. कुणाच्या हाती नाही, स्वतः न्यावा. आणि डब्यात दोघा भावांचं घालावं.