बादलीशिवाय काढलेला फोटो

कोल्टर्स फोर्ड, वायोमिंग
२१ जुलै

प्रिय लायल,

अनेक आशीर्वाद. माझे गुडघे सोडले तर घरी सगळं ठीक. तिकडे तेलविहिरीवर वेळेवर जेवतोस ना? हेल्मेट घालत जा. वाऱ्याने तबेल्याचा पत्रा उचलला होता, मी वर दगड ठेवलेत.

रोडिओच्या घोडेस्वारीच्या खेळांत यंदाची राणी निवडली गेली. तुझी लेक टेस दुसरी आली. मी काढलेले फोटो पाठवतोय. लावलेत त्याच क्रमाने बघ, घाईने शेवटचा आधी उपसू नकोस.

पहिल्यात ती टोपी पिनांनी केसांत घट्ट बसवते आहे. टोपी पडली की गुण गेले. मला म्हणाली, "आजोबा, घोड्यावर मी बसणार, आणि थरथरताय तुम्ही!" जीभ आईवरच, मार्लावरच गेली आहे.

दुसऱ्यात झेंडा घेऊन भरधाव. घोडी नीट दिसत नाही, कारण धूळ फार होती.

धूळ नव्हती, लायल. घोडी मीच कापली फोटोतून. ती पेनी आहे. मार्लाला घेऊन पडली आणि मार्ला गेली, तीच. बर्फ वितळल्यापासून टेस तिला रोज फिरवत होती. "बाबांना सांगाल तर बघा," म्हणाली. माझा जीव रोज टांगलेला.

आता तिसरा. कान ताठ नसतील तर राणीच्या स्पर्धेतल्या घोड्याचा फोटो कुणी घेत नाही. म्हणून माझ्या पाठीमागे उभं राहून कुणीतरी ओटची बादली खुळखुळवायचं. दरवर्षी तुझी मार्लाच ते करायची. यंदा मला दुसऱ्या कुणाला सांगवेना. पेनीचे कान पडलेलेच होते. राहू दे, म्हणत मी कॅमेरा खाली घेणार, तोच ते ताठ झाले. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. टेसही तिकडेच बघून हसली. मी बटण दाबलं.

"मागे कोण आहे गं?"

"कुणी नाही, आजोबा. वळू नका."

मी वळलो नाही. मागच्या वर्षी पावसात पेनी चिखलात घसरली, तेव्हाही उठून ती मार्लापाशीच उभी होती. तू बघितलं नाहीस. मी बघितलं.

पेनीसाठी तू ठरवलेलं गिऱ्हाईक रविवारी ट्रेलर घेऊन येईल. पेनीचा दोर मी त्याच्या हातात देणार नाही. द्यायचाच असेल तर तू येऊन दे, तिच्या तोंडाकडे बघून, टेससमोर.

बादली रिकामी करून फाटकाला टांगली आहे. वारा पडला तरी वाजते. ये रे.

एकटा वळून बघायला भिणारा,
तुझा बाप एल्डन