अठ्ठावीस कमानींची खरेदी

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी.

घरातील एका महत्त्वाच्या प्रकल्पाची खरेदी आजपासून मी हाती घेतली आहे. पार्श्वभूमी थोडक्यात. सौ. ग्रंथपाल आहे आणि एकतीस तारखेला निवृत्त होत आहे. तिच्या वाचनालयाची दगडी इमारत त्यानंतर पाडली जाईल. म्हणून गेले वर्षभर ती जेवणाच्या टेबलावर, खेळण्यातल्या एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांनी, त्या इमारतीची प्रतिकृती उभारत आहे. निरोपाच्या दिवशी ती प्रतिकृती नव्या वाचनालयाला भेट म्हणून द्यायची. आम्ही वर्षभर मांडीवर ताट घेऊन जेवतो. तीन भिंती, जिने, आतली कपाटे, सर्व पूर्ण. उरली फक्त पश्चिमेची भिंत, म्हणजे वाचनकक्षाच्या खिडक्या. त्यांना राखाडी रंगाच्या अठ्ठावीस कमानी हव्यात.

सौ. म्हणाली, कंपनीच्या साइटवर सुट्या विटा मिळतात, तिथून मागवून टाका, दहा दिवसांत येतात. मी विचारले, आणि इतरांची कोटेशन्स? ती म्हणाली, अहो, खिडक्या बसवायच्यात, धरण नाही बांधायचं.

पंपांच्या कारखान्यात आयुष्यभर खरेदी विभाग सांभाळला. पहिल्या दराला कधीही होकार दिला नाही. लग्नाचा अपवाद.

संकल्प : पंधरा तारखेपूर्वी कमानी टेबलावर. कंपनीपेक्षा कमी दरात.

४ ऑगस्ट, मंगळवार.

तुलनात्मक तक्ता तयार. एका बाजूला कंपनी : दर चढा, माल नवा, सर्व कमानी एकाच ठिकाणी. दुसऱ्या बाजूला स्वतंत्र विक्रेते : जुने संच फोडून सुट्या विटा विकणारी माणसे. दर जवळजवळ निम्मा. मात्र अठ्ठावीस कमानी एकाकडेही नाहीत. कोणाकडे नऊ, कोणाकडे दोन. शिवाय प्रत्येकाची किमान खरेदीची अट.

अननुभवी माणूस येथे कंपनीकडे वळला असता.

६ ऑगस्ट, गुरुवार.

दराच्या चढत्या क्रमाने यादी लावली आणि सर्वांत स्वस्त अशा पाच विक्रेत्यांत अठ्ठावीस कमानी विभागून टाकल्या. किमान खरेदीची अट पुरी करण्यासाठी काही जोड-माल घ्यावा लागला : हिरवी पाने, चौदा स्टिअरिंग व्हील्स, घोड्यांची खोगिरे. पुढेमागे लागतातच.

कन्येने यादी वाचली. म्हणाली, बाबा, आईच्या वाचनालयात घोड्यावर बसून कोण येणार आहे? ही मुलगी घरूनच कुठल्याशा कंपनीचे काम करते. खरेदीशास्त्राशी तिचा संबंध नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार.

पाचही पार्सले पोहोचली. मुदतीच्या आत. हे ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारखे आहे.

किरकोळ बाब : राखाडी रंग दोन असतात. जुन्या काळातला पिवळसर झाक असलेला आणि हल्लीचा निळसर. जुना स्वस्त मिळतो, त्यामुळे माझ्या चढत्या क्रमात पाचही जणांकडून तोच आला. सौ.ने एक कमान भिंतीला लावून पाहिली. म्हणाली, भिंतीला कावीळ झालीय. मी सांगितले की खऱ्या दगडातही छटांचा फरक असतो. ती म्हणाली, त्या भिंतीसमोर मी जन्म काढला हो, मला नका सांगू.

काही कमानींवर दातांचे ठसेही आहेत. विक्रेत्याने वर्णन दिले होते, ‘वापरलेला माल, उत्तम स्थिती’. त्याला सविस्तर निषेधपत्र पाठवले, चार परिच्छेद. उत्तरादाखल उंचावलेला अंगठा आला.

१३ ऑगस्ट, गुरुवार.

सौ. पुन्हा कंपनीचे नाव काढते आहे. अजून वेळ आहे, म्हणते. प्रश्न आता वेळेचा राहिलेला नाही, तत्त्वाचा आहे.

नवा मार्ग सापडला : किलोवर विकायला काढलेला मिश्र माल. एक खेळण्यांचे दुकान बंद होत आहे, त्यांची पोती आहेत. छायाचित्राच्या एका कोपऱ्यात निळसर राखाडी कमान स्पष्ट दिसते. एका कोपऱ्यात एक, तर पूर्ण पोत्यात किती, हे त्रैराशिक शाळकरी आहे. उत्तर येते दोनशे चाळीस. सावधगिरी म्हणून निम्मे धरले.

पोते मागवले.

१७ ऑगस्ट, सोमवार.

पोते आले. दोन माणसांनी वर आणले आणि दोघांनीही माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले.

पलंगावर निवडानिवड. माल धुळकट असल्याने सौ.च्या सूचनेनुसार जाळीच्या पिशवीत घालून वॉशिंग मशीनमध्ये धुवायचा होता. जाळीची पिशवी सापडेना. उशीचा अभ्रा वापरला. अभ्र्याला चेन नसते, हे त्या गडबडीत लक्षात आले नाही.

दुरुस्तीवाल्याने मशीनच्या पाइपातून एक शिरस्त्राण, एक पाळण्याचे चाक आणि एका माणसाचा वरचा अर्धा भाग काढला. म्हणाला, साहेब, खालचा अर्धा आत आहे, तो असू दे का? सौ.ने फर्मान काढले : यापुढे या घरात एकही पार्सल येता कामा नये.

तथापि निष्पत्ती पाहावी. निळसर राखाडी कमानी, निर्दोष : अकरा. मी स्वतः तपासल्या, प्रत्येकीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक टिक केली. कारखान्यातली सवय. उरल्या फक्त सतरा.

१८ ऑगस्ट, मंगळवार.

घरभर विटांचे डबे. शास्त्रशुद्ध उपाय योजला : मालाचे एबीसी वर्गीकरण. किमतीने भारी तो ए, मध्यम तो बी, स्वस्त तो सी. सी वर्गातला माल जागा अडवतो म्हणून तो निकालात काढावा. पाळण्याचे चाक ए. शिरस्त्राणे आणि खोगिरे बी. कमानी वजनाला हलक्या, किलोच्या दराने विभागता जवळजवळ फुकट पडल्या, म्हणून सी. नियम म्हणजे नियम.

कन्या म्हणाली, बाबा, ते सीचे डबे मी नेऊ का? ऑनलाइन विकून टाकते, घरात पाय ठेवायला जागा नाही. मी आनंदाने परवानगी दिली. थोड्या वेळाने डोकावून म्हणाली, यात कमानीपण दिसतायत, बघा एकदा. मी म्हणालो, सी म्हणजे सी. वर्गीकरणावर शंका घ्यायची नाही. ती म्हणाली, बरं बाई.

बरं बाबा म्हणायला हवे होते.

२० ऑगस्ट, गुरुवार.

सौ. म्हणाली, त्या अकरा तरी द्या, बसवायला घेते. मी नकार दिला. अर्धवट माल इश्यू करणे गोदामाच्या शिस्तीत बसत नाही. अठ्ठावीस पूर्ण झाल्या की एकदम मिळतील. म्हणाली, आणि कंपनीकडून मागवायचा आज शेवटचा दिवस आहे, उद्यापासून वेळेत येणार नाहीत. मी म्हणालो, निश्चिंत राहा. ती म्हणाली, तुम्ही निश्चिंत राहा म्हणालात की माझं बी.पी. वाढतं.

तेवढ्यातच, म्हणजे चहाच्या वेळी, माझी भूमिका योग्य ठरली. साइटवर एक नवा स्वतंत्र विक्रेता अवतरला आहे. याच शहरातला. माल : निळसर राखाडी कमानी, अकरा नग. वर्णन अत्यंत प्रामाणिक : ‘धुतलेल्या. मशीनमध्ये.’

देव पाठीशी उभा राहतो तो असा. माझ्या अकरा, याच्या अकरा. मग सहाचाच प्रश्न.

२१ ऑगस्ट, शुक्रवार.

विक्रेत्याशी वाटाघाटी. मी ‘खरेदी अधिकारी’ या नावाने व्यवहार करतो. दर कमी करण्याची विनंती केली, फेटाळली. पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र मागितले, आले. माल ज्या चादरीवर ठेवला होता ती आमच्या पाहुण्यांच्या चादरीसारखीच निळ्या चौकटींची. अभिरुची असलेले घर दिसते. मग मागील बाजूचे छायाचित्र मागितले. मग उजेडातले.

जेवताना कन्या वैतागलेली. म्हणाली, एक खडूस गिऱ्हाईक मागे लागलंय, कमानीच्या टोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये विचारतंय. सौ. म्हणाली, रिकामटेकडा असेल कुणीतरी. मी व्यावसायिक सल्ला दिला : अशा माणसाला दर वाढवून सांगावा, आपोआप वठणीवर येतो.

मुलीला चार व्यवहाराच्या गोष्टी सांगता आल्या, याचे समाधान.

२२ ऑगस्ट, शनिवार.

विक्रेत्याने अचानक दर वाढवला. कारण विचारता ‘परवडत असेल तर घ्या’. बाजारात सभ्यता उरलेली नाही. परंतु दिवस थोडे, माल अस्सल. घेतला. घरी पार्सलबंदी असल्याने कुरिअरच्या काउंटरवरून स्वतः उचलीन, असे कळवले.

दर आता कंपनीपेक्षा किंचित अधिक पडतो. किंचितच.

२५ ऑगस्ट, मंगळवार.

पाकीट उचलले. गाडीत बसूनच तपासणी केली. अकराच्या अकरा निर्दोष. आणि काय सांगावे, प्रत्येक कमानीच्या आत पेन्सिलीची बारीक टिक! म्हणजे हा माणूसही नग न नग तपासून माल पाठवतो. माझ्याच जातकुळीचा. त्याला पाचपैकी पाच तारे दिले आणि लिहिले, ‘आपल्यासारख्यांमुळे व्यापारावरील विश्वास टिकून आहे’.

सायंकाळी कन्या मोठ्याने हसत होती. खडूस गिऱ्हाइकाने तिला प्रेमपत्र पाठवले म्हणे.

२७ ऑगस्ट, गुरुवार.

सहा कमानी कुठेच मिळत नाहीत. सौ.ची सहनशीलता संपली. म्हणाली, बावीस तर बावीस, आत्ताच्या आत्ता आणा, खाली बसवते, वरच्या ओळीचं बघू. पाकिटातल्या अकरा दिल्या. उरलेल्या आणायला गोदामात, म्हणजे पलंगाखाली, गेलो. तिथे ए होता. बी होता.

कन्येला विचारले. ती म्हणाली, सीमधल्या ना? त्या विकल्या की. मी विचारलं होतं तुम्हाला. कोणाला विकल्या, असे विचारले. म्हणाली, तोच तो खडूस. खरेदी अधिकारी.

सौ.ने हातातली कमान उलटी करून आतली टिक पाहिली. मग माझ्याकडे पाहिले. मग दोघी इतक्या हसल्या की कन्या खाली बसली आणि खोगिरावर बसल्याने पुन्हा उठली.

शांतपणे विचार करता व्यवहारात दोष काढता येत नाही. माल अस्सल निघाला. विक्रेता प्रामाणिक निघाला. घरातला पैसा घरातच राहिला. सतरा कमानी कमी आहेत, हा निराळा विषय आहे.

हसणे थांबल्यावर सौ. भिंतीसमोर बराच वेळ नुसती बसून होती. ती बोलते तेव्हा बरे असते.

२९ ऑगस्ट, शनिवार.

सर्व दुकाने फिरलो. एके ठिकाणी मुलीच्या वयाच्या विक्रेतीने विचारले, काका, नातवासाठी? मी म्हणालो, पत्नीसाठी. तिने शेजारच्या विक्रेतीलाही बोलावून आणले.

कमानी नाहीत. कंपनीकडे आज मागवल्या तर आठ सप्टेंबर.

३१ ऑगस्ट, सोमवार. रात्री.

समारंभ झाला. प्रतिकृती नव्या वाचनालयाच्या सभागृहात ठेवली. अकरा कमानी खाली, वर नुसते भगदाड. सौ. म्हणाली, ती बाजू कोणाला दिसू नये. टेबल भिंतीला टेकेना. तेव्हा मी स्वतः भगदाडाला पाठ लावून उभा राहिलो. भाषणे होईपर्यंत. हार-तुरे होईपर्यंत. तिला बोलायला लावले, ती बोलली, सगळे रडले; मी जागचा हललो नाही. पश्चिमेची भिंत मी होतो.

मग काठी टेकत एक वृद्ध वाचक आले. म्हणाले, जरा बाजूला व्हा हो, मी रोज वाचनकक्षात तिसऱ्या खिडकीशी बसायचो, बघू द्या. मी म्हणालो, या बाजूला पाहण्यासारखे काही नाही. ते म्हणाले, खिडक्या याच बाजूला आहेत. मी म्हणालो, असतील. त्यांनी काठीनेच मला सरकवले.

वाकून पाहिले. सर्वांनी पाहिले. सौ. पुढे आली आणि म्हणाली, खिडक्या यायच्यात. आमच्या ह्यांची खरेदी चालू आहे.

प्रचंड हशा. माझे कारखान्यातले दोन जुने सहकारी सर्वांत मोठ्याने.

वृद्ध गृहस्थांनी मात्र भगदाडातून हात घालून तिसऱ्या खिडकीजवळची इवलीशी खुर्ची हलकेच सरळ केली. सौ.ने त्यांना सांगितले, काका, पंधरा दिवसांनी या, तुमची खिडकी बसवून ठेवते. आणि हे सांगताना ती माझ्याकडे पाहत होती. तिला दिलेला शब्द मोडणे मला आजवर जमलेले नाही. हा शब्द तिने माझ्या वतीने दिला.

१ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी.

सौ. आजपासून घरी. दोघे चहा घेऊन संगणकापुढे बसलो. कंपनीची साइट. राखाडी, निळसर. कमान. नग सतरा. तिने विचारले, कोटेशन मागवायचंय का आधी? मी नाही म्हणालो. पहिल्याच दराला होकार दिला.

बटण दाबले. ऑर्डर गेली. उचलून पाहिला तर चहा अजून गरम होता.